वैरिणीचा पत्ता

कावाल्ता गावात देसोलीनाच्या हाताखालून गेली नाही अशी गादी नव्हती. तिची आई पिंजारीण, आजीही पिंजारीण. थंडी सरली की खिळ्यांची पिंजणी पाठीला लावून ती घरोघर जायची, अंगणात गाद्या उसवायची, वर्षभर अंगाखाली दबून दगड झालेली लोकर पिंजून मोकळी करायची आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा भरून, टाके घालून पलंगावर नेऊन ठेवायची. गादीवरून माणूस कळतं, असं तिची आई म्हणे. कोण कुठल्या कुशीवर निजतं, कुठल्या नवराबायकोच्या मधली लोकर कधी दबतच नाही, कोणता म्हातारा अंथरूण ओलं करायला लागलाय, हे सगळं पिंजारणीला दिसतं. ती ते बोलत नाही, हीच तिची अब्रू.

त्या साली शरदात मिलानहून लिसांद्री नावाचा एक चित्रकार गावात आला. छाती कमजोर म्हणून डॉक्टरनं त्याला हवापालटाला जा म्हणून सांगितलं होतं. पण कुणी त्याला पो नदीकाठच्या धुक्यात धाडलं, देव जाणे. नदी ओलांडायच्या तरीजवळच्या ओलिम्पियाच्या खाणावळीत वरची खोली घेऊन तो राहिला. मिलानच्या एका छापखान्याला भविष्य सांगायच्या पत्त्यांचा नवा जोड काढायचा होता. जुन्या जोडावरच्या बाया पॅरिसच्या, फुगीर झग्यांतल्या. त्यांना लोक कंटाळले होते. लिसांद्रीला वाटलं, इथलीच तोंडं काढावीत. मग काय, गावात हौशीला तोटा नव्हता. डॉक्टरच्या पत्त्यासाठी तरीवाला बसला, कारण त्याची दाढी डॉक्टरसारखी होती. पाद्री डॉन कालिस्तो बसायला तयार नव्हते, तर चित्रकारानं त्यांना चर्चमध्ये बघून घेतलं आणि खोलीवर येऊन काढलं.

देसोलीना त्याची गादी पिंजायला गेली होती. खाणावळीच्या अंगणात लोकरीच्या ढिगात बसून हात चालवत असताना वरच्या खिडकीतून त्यानं हाक मारली, "देसोलीना!" तिनं खांद्यावरून मागं वळून वर पाहिलं. उन्हामुळं डोळे बारीक झालेले, एक हात लोकरीत खुपसलेला.

"तशीच थांब. हलू नकोस."

"साहेब, संध्याकाळी जमिनीवर निजायची तयारी असेल तर थांबते," ती म्हणाली, पण थांबली. मान अवघडेपर्यंत थांबली. मग विचारलं, "मला कशात घालणार? वधू करा. माझं लग्न ठरलंय."

"वधूसाठी ओलिम्पियाची भाची बसलीय."

"मग माझ्यासाठी काय उरलं?"

"चांगलं तेच उरलंय," तो म्हणाला, आणि खोकल्याची उबळ आली म्हणून खिडकीतून आत गेला.

ती हसली. तिचं लग्न एवारिस्तोशी ठरलं होतं. तो तेव्हा सैन्यात होता. नदीवर साखळदंडांनी बांधलेल्या, पिठाच्या तरंगत्या गिरणीत त्याच्या घरचे काम करत. सुटून आला की पुढच्या ईस्टरनंतर लग्न. त्याची आई कोलोम्बा हिला पिंजारीण सून फारशी पसंत नव्हती, पण नाही म्हणावं असं कारणही हाती नव्हतं. कोलोम्बाच्या थोरल्या मुलाची लेक झाईरा, चार वर्षांची, ती मात्र देसोलीनाला गोचिडासारखी चिकटलेली. पोरीसाठी देसोलीनानं हंसाची पिसं निवडून निवडून एक छोटी उशी भरून दिली होती.

चित्रकार नाताळच्या आधी मिलानला परत गेला आणि वसंतात वारला. ओलिम्पियाला त्याच्या बहिणीचा निरोप आला तेव्हा देसोलीनानं त्याच्या नावानं मेणबत्ती लावली.

पत्त्यांचा जोड आला तो पुढच्या हिवाळ्यात. थंडीत गावातल्या बाया संध्याकाळी झेलिंदाच्या गोठ्यात जमायच्या. गाईंच्या उबेत बसून सूत कातायचं, टोपल्या विणायच्या, कुणाकुणाच्या कागाळ्या करायच्या. झेलिंदा म्हातारी होती, पत्ते टाकून भविष्य सांगायची. सगळा गाव तिला आत्या म्हणे. तिचा जुना जोड हाताच्या तेलानं इतका काळवंडला होता की चोर कोणता नि डॉक्टर कोणता ते तिलाच कळत असे. फेरीवाल्याकडून नवा जोड तिनं घेतला आणि गोठ्यात पिंपावर फडकं पसरून एकेक पत्ता उलटायला सुरुवात केली.

"हा बघा, पाद्री!" बाया एकमेकींवर पडून हसल्या. डॉन कालिस्तो हुबेहूब होते, नाकावरच्या चामखिळीसकट. मग तरीवाला डॉक्टरच्या काळ्या कोटात. वधूच्या वेषात ओलिम्पियाची भाची, चार बोटं जास्तच सुंदर काढलेली. "एवढी गोरी कधी होती गं ही?" कुणीतरी म्हणालं.

मग झेलिंदानं पुढचा पत्ता उलटला.

पत्त्यावर देसोलीना होती. खांद्यावरून मागं बघणारी, डोळे बारीक केलेले. लोकर नव्हती. लोकरीत खुपसलेला हात आता एका पडद्याच्या घडीत गेला होता, आणि पडद्याआड काय आहे ते दिसत नव्हतं. खाली छापलं होतं: वैरीण.

मग कोलोम्बाच म्हणाली, "अगंबाई. माझ्या सुनेला बरोब्बर ओळखलंन की मेल्यानं." सगळ्या हसल्या. देसोलीनाही हसली. तिला ते हसू ओठांवर आणावं लागलं, एवढं तिच्या ध्यानात आलं. बाकी काही नाही.

सुरुवातीला थट्टाच होती. "वैरीण आली, गादी आवरा," असं अंगणातून हाकारायचे. सैन्यातून नुकताच आलेला एवारिस्तो तर पत्ता बघून म्हणाला, "बघ, मी राष्ट्रासाठी बंदूक घेऊन उभा होतो, आणि शत्रू माझ्याच घरी यायच्या तयारीत." तिनं त्याला कोपरानं ढोसलं. त्याचं हसणं मोकळं होतं. त्या दिवसांत तिला कशाचीच भीती नव्हती.

पण पत्ते थट्टेसाठी टाकत नाहीत. ज्याच्या घरात काही बिघडलंय तोच झेलिंदाकडं जायचा. नवरा पार नदीपल्याड रात्र काढतो, गाय गाभडते, पोराच्या अंगावरचे फोड जात नाहीत. मग पत्ते पसरले की कधी ना कधी वैरीण यायचीच; बावन्नात ती एक आहेच की. जुन्या जोडातली वैरीण पॅरिसची होती, तिला कुणी ओळखत नव्हतं. ती आली की बाया विचारात पडायच्या, ही कोण असेल बरं, आणि घरी जाईस्तोवर विसरायच्या. आता विचारात पडायचं कारणच उरलं नाही.

"आत्या, ही तर—"

"पत्ता म्हणजे पत्ता. तोंडाकडं बघू नकोस, अर्थाकडं बघ," झेलिंदा म्हणायची. पण ती स्वतःही तोंडाकडंच बघत होती. आणि बघणारीला आठवायचं, की खरंच, शेवटची गादी हिनंच भरलेली. आमच्या खोलीत ती ठेवायला एकटीच गेली होती.

थंडी ओसरू लागली तेव्हा पिंजायची बोलावणी कमी आली. यंदा लोकर बरी आहे, म्हणाले. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. एका घरी तिला गादी दिली, पण सासू आणि सून दोघी दिवसभर अंगणात खुर्ची टाकून तिच्या हातांकडं बघत बसल्या. देसोलीनानं टाके घातले, पैसे घेतले आणि वाटेत नदीकाठी बसून बराच वेळ रडली. मग तोंड धुऊन घरी गेली. आईला काही बोलली नाही. पण आईला कळलं होतं.

झेलिंदाला तिची कीव आली. म्हातारी मनानं वाईट नव्हती. तिनं एके दिवशी तो पत्ता जोडातून काढला आणि कपाटात तागाच्या चादरींखाली सारून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. आता वैरीण यायची नाही, बाया विसरतील, पोरीचं लग्न होऊन जाईल, असा तिचा हिशेब.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात झाईराला ताप भरला. घसा सुजला, आवाज बसला. पोरीची आई म्हणाली, डॉक्टरला बोलवू या. डॉक्टर दूरच्या गावी राहायचा, खेचराच्या गाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. कोलोम्बा म्हणाली, "थांब जरा. आधी झेलिंदाला विचारून येते. नुसतं पडसं असलं तर डॉक्टर कशाला." आणि डोक्याला रुमाल बांधून तरातरा गेली.

झेलिंदानं पत्ते टाकले. मूल आलं, शेजारी घर आलं, वर पत्र आलं. वाईट असं काही नव्हतं. पण कोलोम्बा पत्त्यांकडं बघत बसली. गेल्या खेपेला तिच्या पत्त्यांत वैरीण आली होती, त्याच्या आधीच्या खेपेलाही. आज नाही. तिनं हात पुढं करून उरलेला गठ्ठा ओढून घेतला आणि एकेक पत्ता उलटून पाहिला.

"ती कुठाय?"

"कोण?"

"आत्या, मला खेळवू नका. ती कुठाय?"

झेलिंदा खोटं बोलण्यात कच्ची होती. "काढून ठेवलीय," ती म्हणाली. "उगाच पोरीला लोक बोलतात. बरं दिसत नाही ते."

कोलोम्बा उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्हालाही ठाऊक होतं, आणि तुम्ही ती लपवलीत. माझ्या नातीच्या घरात ती हिंडतेय, आणि तुम्ही ती आम्हाला दिसू दिली नाहीत."

"अगं, तसं नाही गं—"

पण कोलोम्बा केव्हाच बाहेर पडली होती. घरी येऊन तिनं झाईराच्या डोक्याखालची उशी ओढून काढली आणि कात्रीनं फाडली. पिसं खोलीभर उडाली. आत, मधोमध, पिसांचा एक गोळा सापडला. घट्ट, वाटोळा, मुकुटासारखा गुंफलेला. त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतं की उशीत असला मुकुट सापडला म्हणजे कुणीतरी करणी केलीय, आणि तो पुरा गुंफला गेला की माणूस जातो. कोलोम्बा ओरडली नाही. तिनं घरातल्या सगळ्या गाद्या अंगणात आणल्या आणि दुपारभर एकेक उसवत बसली. शेजारणी मदतीला आल्या. जे जे सापडलं, लोकरीचा पुंजका, दोऱ्याची गाठ, तुटलेला कंगवा, ते सगळं त्यांनी चौकात नेऊन जाळलं. एवारिस्तो गिरणीवर होता. पोरीची आई दोनदा म्हणाली डॉक्टर, डॉक्टर. कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी पोरीला श्वास घेववेना, तेव्हा गाडी जुंपली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. घटसर्प, म्हणाला. यावर आता औषध निघालंय, माझ्या पेटीत आहे. काल मला आणायला हवं होतं. झाईरा तेव्हा संपली होती.

देसोलीनाला दफनाला येऊ दिलं नाही. म्हणजे नको असं कुणी म्हटलं नाही. ती गेली तेव्हा बायांनी चर्चच्या दाराशी खांद्याला खांदा लावून वाट बंद केली. पुढच्या रविवारी डॉन कालिस्तोंनी वेदीवरून पत्त्यांना शिव्या घातल्या. सैतानाची चोपडी, म्हणाले. पत्त्यांवर आपलं तोंड छापलं गेल्याचा रागही त्यात होताच. लोकांनी ते ऐकलं आणि एवढाच अर्थ घेतला की पाद्रीसुद्धा म्हणतोय, त्या पत्त्यात सैतान आहे.

एवारिस्तो तिला भेटायला आला तो बांधावर, पॉपलर झाडांच्या रांगेआड. त्याचे डोळे सुजलेले होते. तिचे हात त्यानं हातात घेतले.

"आई वेडी झालीय," तो म्हणाला. "माझा यातल्या कशावर विश्वास नाही, तुला माहितीये."

"माहितीये."

"मी घरी सांगितलंय, लग्न होणार. थोडं थांबू, पण होणार." नदीवर त्यांची गिरणी फिरत होती, तिचा कुरकुर आवाज येत होता. "एकदाच विचारतो. रागावू नकोस. त्या उशीत तू... म्हणजे, चांगल्यासाठी म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून, असं काही घातलं नव्हतंस ना?"

त्यानं ते फार मायेनं विचारलं. पुढं कितीतरी वर्षं देसोलीनाला वाटायचं, तो ओरडला असता, त्यानं हात उगारला असता, तर आपण भांडून त्याचं मन वळवलं असतं. पण इतक्या मायेनं विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचं, हे तिला सुचलं नाही.

"नाही," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतले.

"बास, झालं तर. माझा विश्वास आहे."

"घरी जा, एवारिस्तो."

तो गेला. पुन्हा आला नाही असं नाही, दोनदा आला. दोन्ही वेळा तिच्या आईनं ती घरात नाही म्हणून सांगितलं. मे महिन्यात देसोलीना पिंजणी पाठीला लावून तरीनं नदीपलीकडं गेली आणि तिथून पिआचेंझाला. आईला मागाहून नेलं.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात चर्चच्या जोगिणी रोग्यांची सेवा करत. त्यांना गाद्यांच्या कामाला बाई हवी होती. तळघरालगतच्या अंगणात मेलेल्यांच्या गाद्या यायच्या; लोकर उकळायची, वाळवायची, पिंजायची, पुन्हा भरायची. इतरांना या कामाची शिसारी यायची, म्हणून ते कायम मिळालं. तिथं तिला नावानं क्वचितच कुणी हाक मारी. एकदा स्वयंपाकघरातली एक नवी मुलगी तिच्याकडं निरखून बघत म्हणाली, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय मी." देसोलीना म्हणाली, "मला सगळ्यांनीच पाहिलंय," आणि मक्याच्या पोलेंटाची ताटली घेऊन अंगणात जाऊन जेवली. पुढं ती रोज तिथंच जेवू लागली. आई गेली. डोक्यावर पांढरं आलं. एवारिस्तोनं ओलिम्पियाच्या भाचीशी लग्न केल्याचं कुणाकडून तरी कानावर आलं, तेव्हा तिनं हातातला टाका पुरा केला आणि पुढचा घातला.

कोलोम्बाला इस्पितळात आणलं ते एका हिवाळ्यात, पोटात गाठ झाली म्हणून. जोगीण म्हणाली, "सातव्या खाटेवरची म्हातारी पाठीत खड्डा पडतो म्हणून रडतेय, गादी बघून घे." देसोलीना गेली. दोघींनी एकमेकींना ओळखलं. म्हातारीचं अंग चिपाडासारखं झालं होतं, डोळे मात्र तेच.

"तू होय," कोलोम्बा म्हणाली. "इथं आहेस म्हणून ऐकलं होतं."

"कुठं टोचतंय, मावशी?"

"सगळीकडं." मग बराच वेळ तिनं देसोलीनाच्या हातांकडं पाहिलं. "आता मी कुणाला सांगायला जाणार नाही. मला खरं सांग. त्या उशीत ते काय होतं?"

देसोलीना खाटेच्या कडेला टेकली. "पिसं होती. तसला गोळा सगळ्या उशांत असतो. पोरांच्या डोक्याला घाम येतो, पिसं ओली होतात, डोकं या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहतं, पिसं एकमेकांत अडकत जातात. आपोआप होतो."

"सगळ्या उशांत?"

"तुमच्याही उशीत असायचा. मी दर वर्षी काढून टाकायची."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"त्यात बोलण्यासारखं काय होतं?"

कोलोम्बानं डोळे मिटले. देसोलीनाला वाटलं तिला झोप लागली. पण ती म्हणाली, "मी दुपारभर गाद्या फाडत बसले. ती पोर आत घुसमटत होती, आणि मी गाद्या फाडत होते. तिची आई डॉक्टर डॉक्टर म्हणत होती."

ते देसोलीनाला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"तू केलंस असं म्हण," कोलोम्बा म्हणाली.

"काय?"

"मी केलं, असं म्हण. एकदाच. मला बरं वाटेल." तिनं देसोलीनाच्या ॲप्रनचं टोक धरलं. "तुझं आता काय जाणार आहे?"

देसोलीनानं खरोखरच विचार केला. काय जाणार होतं? घर गेलं होतं, ठरलेला नवरा गेला होता, गाव गेलं होतं. दोन शब्द होते. पलीकडच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू गेले नसते. ते तिच्या ओठांपर्यंत आले, आणि त्यांच्यामागून झाईरा आली, लोकरीच्या ढिगात लोळणारी, कानात पिसं खोचलेली.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "ते मला जमायचं नाही."

कोलोम्बानं ॲप्रन सोडला आणि तोंड भिंतीकडं वळवलं. दुसऱ्या दिवशी देसोलीनानं नवी, मऊ भरलेली गादी आणली. जोगीण आणि ती, दोघींनी म्हातारीला अलगद उचलून तीवर ठेवलं. तिनं ठेवू दिलं. डोळे उघडले नाहीत. त्याच आठवड्यात ती गेली.

एवारिस्तो आईला न्यायला आला. जाडा झाला होता, टोपी हातात धरून अंगणाच्या दाराशी उभा राहिला. जोगिणीनं त्याला इकडचा रस्ता दाखवला असावा.

"तू होतीस म्हणे तिच्यापाशी."

"गादी बदलून दिली."

"शेवटी काही बोलली का?"

देसोलीनाच्या हातात उसवायची कात्री होती. "पाठ दुखते म्हणाली," ती म्हणाली. "मग जरा आराम पडला."

"बरं झालं," तो म्हणाला. "आम्हाला वाटत होतं तिच्या मनात काहीतरी आहे. रात्री-अपरात्री उठून बसायची." त्याला आणखी काही बोलायचं होतं. त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात बाहेरून गाडीवाल्यानं हाक दिली, की धुकं दाट होतंय, नदीवरची नाव चुकेल. एवारिस्तोनं मान लववली आणि गेला.

त्या दिवशी सातव्या खाटेवरची गादी अंगणात आली. अजून मऊच होती, चार दिवसांची. तरी नियम म्हणजे नियम. देसोलीनानं टाके कापले, लोकर बाहेर काढून कढईत टाकली आणि उकळून झाल्यावर वाळत घालायला दोरीपाशी गेली. धुकं अंगणात उतरलं होतं. दोरी ओली झाली होती. लोकर वाळायची नव्हती. तिनं ती पुन्हा टोपलीत भरली, दोन्ही हातांनी उचलली आणि तळघराच्या पायऱ्या उतरून खाली घेऊन गेली.